जागा बघणारा म्हाळू

२०२२ साल. म्हाळू तेव्हा बहात्तर वर्षांचा होता, आणि त्या एका वर्षात तो नगरला सात वेळा जाऊन आला. कोर्टकचेरी नाही, दवाखाना नाही, सोयरीक नाही. लेकानं तिथं दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता, तो राहण्याजोगा आहे की नाही एवढंच बघायचं होतं. ज्या माणसानं आमच्या निम्म्या राजुरी गावाच्या जागा एकेका फेरीत बघून दिल्या, त्याला स्वतःची जागा सात फेऱ्यांत उमगली नाही.

एसटीतून उतरला की घरी जायच्या आधी तो माझ्या ओट्यावर यायचा. चपला काढायचा नाही. उकिडवा बसायचा, काठी मांडीवर आडवी टाकायचा आणि मी विचारीन म्हणून वाट बघायचा. मी पण लवकर विचारणारा माणूस नाही. शेवटी त्यालाच राहवायचं नाही.

"अर्धं हाय," म्हणायचा.

"अर्धं म्हंजे काय?"

"म्हंजे अर्धं. पानी हाय, वारा न्हाई. मानसं रग्गड हायती, बोलाया कुनी न्हाई."

"मग जानार का न्हाई?"

"बघू. येकदा परत जाऊन बघतो."

आणि उठायचा. बसल्या जागी त्याला दहा मिनिटं निघत नव्हती. घरी गेला की तिथून परत वेशीकडे, वेशीकडून डांबरीकडे, डांबरीवर उभा राहून जाणाऱ्या गाड्या बघायचा, परत माझ्याकडे.

त्याचं हे 'अर्धं' ऐकलं की मला राग यायचा. पन्नास वर्षांच्या ओळखीत हा शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्याच्याकडे दोनच शब्द होते. हाय, नाहीतर न्हाई.

हे दोन शब्द कुठले ते सांगायला पाहिजे. म्हाळूच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. दिवाळी सरली की त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरं, घोडी, माणसं असा सगळा तळ, उठायचा, माळशेज घाटानं खाली कोकणात उतरायचा, आणि पाऊस तोंडावर आला की परत वर यायचा. दर दोन-तीन दिवसांनी मुक्काम हलायचा. मुक्काम हलवायच्या आधी एक माणूस पुढं जायचा, एकटा, नुसती काठी आणि भाकरी घेऊन. पुढची जागा बघायची. पाणी कुठं, किती लांब. उतार कुणीकडं. पीक निघालंय का, रानाचा धनी लेंडीखतासाठी मेंढरं बसवून घेईल का. गावची कुत्री कशी, गावची माणसं कशी. संध्याकाळी परत यायचं, वाड्याचा कारभारी विचारील ते सांगायचं आणि शेवटी एक शब्द बोलायचा. 'न्हाई' म्हटलं तर दुसरीकडं बघायचं. 'हाय' म्हटलं की संपलं. मग त्याचा बाप असो, चुलता असो, कुणी वाद घालायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बिऱ्हाड घोड्यावर चढायचं आणि बायका घोड्यामागं चालू लागायच्या. पुढं गेलेल्याचा शब्द मोडला तर वाडा मोडला, असं ते मानत.

म्हाळू सोळाव्या वर्षापासून पुढं जात होता.

अंगानं उंच, वाळून कडक झालेला. डोक्याला तांबडं मुंडासं, खांद्यावर घोंगडी, ती वैशाखातसुद्धा. लेकानं मोबाईल घेऊन दिला तर तो मुंडाशात खोचून ठेवायचा. वाजला की म्हाळूचं डोकंच वाजतंय असं वाटायचं. कुणाच्याही घरी गेला की सरळ दारातून आत यायचा नाही. आधी घराला एक वेढा घालायचा. मागचं दार, मोरीचं पाणी, गोठा, उकिरडा, सगळं बघून मग पुढच्या दारी येऊन हाक मारायचा. माझी सून नवी होती तेव्हा दचकायची. पुढं पुढं तीच आतून ओरडायची, "मागल्या दारी कोन हाय? बिबट्या का म्हाळूनाना?"

"बिबट्या असता तर इचारलं असतं व्हय गं तू," म्हाळू म्हणायचा.

माझ्या थोरल्या लेकीला डिंभ्याचं स्थळ आलं, तेव्हा मी त्याला बरोबर नेला. धरणाच्या अंगाला घर. आम्ही पाच-सहा जण सतरंजीवर बसलेलो, मुलगा समोर मान खाली घालून. पोहे आले, चहा आला. म्हाळूचा पत्ता नाही. मला लाज वाटायला लागली, की पाव्हण्याच्या घरात हा कुठं हिंडतोय. तासाभरानं आला, माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "हाय."

"आरं, मुलगा तरी बघितला का तू?"

"मुलगा काय बघायचा? त्यो आज चांगलाच वागनार. मागल्या दारी म्हातारी जेवत बसलीया. सून तिच्या ताटात बघून बघून वाढती. सांगतो ना, हाय."

मी तिथंच सुपारी फोडली. परतीची एसटी आली नाही, ती तिकडं कधी वेळेवर येतच नाही, म्हणून आम्ही घोडेगावपर्यंत चालत आलो, आणि सगळ्या वाटेनं मी त्याला शिव्या देत आलो की म्हातारीच्या ताटावरून कुणी लेक देतं का. लेक आज वीस वर्षं तिथं सुखात आहे. ते मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. त्याला माहीत होतं.

पुढं घाटरस्त्यानं गाड्या वाढल्या, रानं कमी झाली, भावाभावांत मेंढरांच्या वाटण्या झाल्या. म्हाळूनं त्याच्या वाटणीची मेंढरं विकली आणि राजुरीत बापाच्या तीन एकरांवर कांदा करायला लागला. शेती त्याला जमली. पण एका जागी राहणं जमलं नाही. पीक वर आलं की तो बांधावरून पलीकडं बघत उभा. मी म्हणायचो, "काय बघतो?" तर म्हणायचा, "पलीकडं काय हाय त्ये."

त्याच सुमाराला गावातली माणसं शहराकडं सरकायला लागली. कुणी चाकण, कुणी पुणं, पण आमच्या अंगाची बरीच नगरला. सरळ रस्ता, बेल्हे ओलांडलं, आणे घाट चढला की झालं. कुणीतरी पहिल्यांदा चेष्टेनं म्हणालं, "नाना, तुमी लई जागा बघितल्या. आमची बी बघा की." म्हाळूनं ती चेष्टा धरली नाही. दुसऱ्याच दिवशी घोंगडी टाकून गेला. दोन दिवस राहून आला आणि म्हणाला, "न्हाई. खोलगट हाय. पानी बसंल." त्या माणसानं ती जागा सोडली. पुढच्या पावसाळ्यात तिथं खालच्या मजल्यावर गुडघाभर पाणी. झालं. तेव्हापासून राजुरीतून नगरला जाणारा माणूस आधी म्हाळूला पाठवायचा. म्हाळू एसटीच्या भाड्याशिवाय काही घेत नसे. पण 'नाना, जरा बघून येता का' असं कुणी म्हटलं की त्याची पाठ सरळ व्हायची.

एकदा मात्र तो चुकला, आणि ती चूक त्याच्याशिवाय कुणी केली नसती. आमच्या गावचा दत्तू टेलर नगरला दुकान टाकणार होता. म्हाळूनं त्याला राहायला तिसऱ्या मजल्याची जागा पसंत केली, कारण समोर मोठं मोकळं रान होतं. वारा यायचा, लांबवर दिसायचं. "हाय," म्हणून आला. दत्तू गेला. दीड वर्षात त्या रानात इमारत उभी राहिली. अशी जवळ, की दत्तूच्या खिडकीतून हात काढला तर समोरच्याच्या वाळत घातलेल्या टॉवेलला लागायचा. दत्तूची बायको सुनंदा गावी आली होती, ती शेजारच्या आळे गावच्या बाजारात आम्हा दोघांना भेटली. भरल्या बाजारात, हातात मेथीची जुडी, ती म्हणाली, "नाना, तुमचं मोकळं रान कुठं गेलं वो? दिवसा लाईट लावून भाकरी थापते मी!"

म्हाळूनं पिशवी माझ्या हातात दिली, तिथूनच नगरची गाडी धरली आणि दुसऱ्या दिवशी आला.

"काय बघाया गेलावता आता?" मी विचारलं.

"त्येच रान."

"मग?"

"आपल्याकडं रान आज पिकात असतंय, उद्या मोकळं. परत पिकात, परत मोकळं. म्या तसंच धरलं." थोडा वेळ तो काठीनं ओट्याची फरशी टोकरत राहिला. "तिथलं पीक निघत न्हाई रं."

त्यानंतर वर्षभर त्यानं कुणाची जागा बघितली नाही.

आणि मग त्याच्या लेकाची, सोपानची वेळ आली. सोपान नगरला एका वर्कशॉपात आहे, चांगला पोरगा. त्यानं कर्ज काढून दोन खोल्या घेतल्या, दुसऱ्या मजल्यावर. आणि आई-बापाला म्हणाला, आता इकडंच या. म्हाळूची बायको ठकूबाई त्याच दिवशी तयार झाली. म्हाळू म्हणाला, "आधी बघून येतो." त्यात काही वावगं नव्हतं. तिनंही मान हलवली. पण पहिल्या फेरीचं 'अर्धं', दुसरीचं 'अर्धं', तिसरीचं 'अर्धं' झालं, तेव्हा ती माझ्याकडं आली. ही बाई माझ्या ओट्यावर कधी पाच वाक्यं सलग बोलली नव्हती. त्या दिवशी बसली ती उठेना.

"भावजी, तुमी तरी सांगा त्यास्नी. लगीन होऊन आले ती मी घोड्याच्या मागंच चालले. सोपान माळशेजच्या पायथ्याला झाला. तिसऱ्या दिवशी हे आले नि म्हनले, फुडं जागा हाय. म्या पोरगं पाठीशी बांधलं नि उठले. कदी म्हनले का, आज चालवत न्हाई? कदी म्हनले का, ती जागा मला नको? पन्नास वर्सं ह्यांनी हाय म्हनलं की हाय. आता मला येक जागा पायजे. नळ घरात, संडास घरात. गुडघं धरलं तर नातीला हाक मारता येती, खालच्या रस्त्याला डाक्टर हाय. हितं दिवस कलला की दार लावून बसायचं. परवा बिबट्यानं भिताडावरनं उडी घेऊन शेळी नेली. मी खिडकीतनं बघत व्हते. त्याला गाव म्हनायचं?"

मी म्हणालो, "सांगतो त्याला."

मी सांगितलं नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं ते खरं. उलट तो आला की मी म्हणायचो, "अर्धं म्हंजे न्हाईच की लेका. स्पष्ट सांग घरात." तो गेला तर माझ्या ओट्यावर बसणार कोण? माझी पोरं बसतात, पण मोबाईल घेऊन.

बरं, म्हाळू काही नगरला वाईट म्हणायचा नाही. तो सरळ वाईट म्हणाला असता तर प्रश्नच मिटला असता. चौथ्या फेरीहून आला तेव्हा मी त्याला मुद्दाम डिवचलं. "काय राव, पुन्याला जायचं सोडून नगर नगर काय करतो? शहर करायचं तर मोठं करावं."

"पुन्याला जागा बघायलाच नको," तो म्हणाला. "तिथं जागाच आपल्याला बघती नि न्हाई म्हनती. नगर तसं न्हाई. नगर पायात मावतंय. सकाळी ह्या टोकाला निघालो तर जेवनाच्या टायमाला त्या टोकाला. म्या चालून बघितलंय. भाजीवाली तिसऱ्या दिवशी वळखाया लागली. डाक्टरनं आधी गाव इचारलं, मग दुखनं इचारलं. कुठलं बी सामान म्हना, मिळतंय. आन कुनी तुझ्या घरात डोकावत न्हाई. हितं मी शिंकलो तर तू इचारतो, का शिंकला."

"मग हाय म्हन की."

"पन कुनी डोकावतच न्हाई रं," म्हाळू म्हणाला. "गावात आपन कायम दिसतो. पुन्यात दिसतच न्हाई. नगरात मधलंच. चार दिवस मानसं बघत्यात, कोन आलं म्हनून. पाचव्या दिवशी बघायची बंद व्हत्यात. आन कुत्री! परक्या मानसावर भुकत न्हाईत तिथली. म्या मुद्दाम पाठीवर घोंगडी टाकून तीन गल्ल्या हिंडलो. येक कुत्रं उठलं न्हाई. भुकायचं कुनावर, सगळेच परके."

"आपल्याकडं भुकून तरी काय उपेग? बिबट्या शेळी नेतोच."

"नेतो. पन नेताना कळतंय."

असं त्याचं चालायचं. दोन बाजू मांडायचा आणि दोन्हींच्या मधी स्वतः येरझाऱ्या घालायचा. मला एक दिवस कळलं की तो पाणी, वारा, कुत्री यांच्याबद्दल बोलतच नाही. सहाव्या फेरीनंतर त्यानं खरं काय ते आपणहून सांगितलं, तेही जाता जाता, पायरी उतरताना. "तिथं सकाळी उठून करायचं काय, त्ये कुनी सांगत न्हाई. सोपान कामाला जातो. सून डबं करती. नात साळंत. हितं निदान कुनी म्हनतं, नाना जरा बघून या. तिथं मला काय बघाया पाठवनार? दूध?"

मी म्हणालो, "मग नको जाऊ."

तो माझ्याकडं वळून बघत राहिला. मला वाटतं मी भलतंच बोललो हे त्या दिवशी त्याला कळलं, आणि मलाही.

सातव्या फेरीला जे झालं ते मला त्यानं नाही, सोपाननं फोनवर सांगितलं. म्हाळू सकाळी लवकर उठला, खाली उतरला आणि सवयीनं इमारतीला वेढा घातला. मागची गटारं, पाण्याची टाकी, मीटरची पेटी, सगळं वाकून वाकून बघितलं. एक वेढा झाला, दुसरा झाला. तिसऱ्या वेढ्याला वॉचमननं धरला.

"कोण पाहिजे आजोबा?"

"कुनी न्हाई. घर बघतोय."

"कुणाचं घर?"

"माझंच."

वॉचमन नवा होता, त्यानं लेकाचं नाव विचारून सोपानला खाली बोलावलं. सोपान बनियनवर धावत आला. चार खिडक्या उघडल्या. त्यानं वॉचमनला 'वडील आहेत' म्हणून सांगितलं आणि म्हाळूला बाजूला घेऊन म्हणाला, "आन्ना, हितं असं हिंडायचं नसतं. मानसं संशय घेत्यात."

पोरगा वाईट हेतूनं बोलला नाही. पण म्हाळूनं वर जाऊन घोंगडी उचलली आणि पहिली एसटी धरली. त्या वेळी ओट्यावर आला तेव्हा 'अर्धं'सुद्धा म्हणाला नाही. मग एकदम म्हणाला, "सवताच्या घराभवती फिरायचं न्हाई म्हनतो."

मला आतून बरं वाटलं. आता हा 'न्हाई' म्हणणार. मी सुनेला चहा टाकायला सांगितला.

पण तो 'न्हाई' म्हणाला नाही. ठकूबाईला तोंडावर 'न्हाई' म्हणायचं त्याचं धाडस होत नव्हतं आणि 'हाय' म्हणायला जीभ उचलत नव्हती. पंधरा दिवस तो गावभर नुसता फिरला. रात्रीची लाईट असेल तर कांद्याला पाणी, दिवसाची असेल तर डांबरीवर. ठकूबाईनं विचारायचंही सोडलं.

मग एक दिवस तो आळ्याच्या बाजाराहून आला तर घराला कुलूप. वेढा घालून आला, मागच्या दाराला आतून कडी. माझ्याकडं आला.

"ठकी हितं आलीया का?"

मी सुनेकडं बघितलं. तिला माहीत होतं, मला नव्हतं. ती म्हणाली, "नाना, आत्या सकाळच्या गाडीनं नगरला गेल्यात. येकट्याच."

"कशाला?"

"म्हनल्या, जागा बघाया जाते."

म्हाळू खाली बसला. मांडी घालून बसला. त्याला मांडी घालून बसलेला मी लग्नाच्या पंगतीशिवाय कधी बघितला नव्हता. मग म्हणाला, "बाईमानूस कदी फुडं जातं का?"

"गेली की," मी म्हणालो.

"तिला गाडी कुठली बसायची त्ये तरी कळतंय का?"

"नाना, त्या पाटी वाचत्यात," सून म्हणाली. "तुमालाच येत न्हाई."

तो दिवस आणि दुसरा दिवस त्यानं कसा काढला ते मी बघितलंय. नगरकडून येणारी प्रत्येक एसटी बघायला तो डांबरीवर जायचा. गाडी थांबली की लांब उभा राहायचा, जणू दुसऱ्याच कामाला आलाय. गाडी गेली की परत. मी म्हणालो, फोन लाव. म्हणाला, "फुडं गेलेल्याला हाक मारायची नसती."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना ती उतरली. हातात पिशवी, पदर डोक्यावर, आणि गुडघे धरलेले म्हणून एका अंगावर चालत. घरी गेली नाही. सरळ माझ्या ओट्याशी आली. आम्ही दोघं तिथंच होतो, माझी सून, मुलगा, आणि बाजूच्या घरातली दोन-चार माणसं. ती बसली नाही. म्हाळू उठून उभा राहिला.

त्यांच्यात पुढून आलेल्याला कारभारी विचारतो, तसं तो विचारायला लागला. मला वाटतं त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

"पानी?"

"दिवसाआड. पन ताजं. टाकी म्या उघडून बघितली."

"वारा?"

"घरात न्हाई. गच्चीवर हाय. गच्चीची चावी वॉचमनकडं असती, म्या मागून घेतली."

"उतार?"

"रस्त्याच्या अंगाला. पानी थांबत न्हाई."

"कुत्री?"

"दोन हायती. माझ्यावर भुकली. पिशवीतली भाकर टाकली तवा गप झाली. आज सकाळी भुकली न्हाईत."

"शेजार?"

"खालच्या मजल्यावर येक बाई हाय. तिच्या सासूला भाकरी करता येत न्हाईत आता, हात थरथरत्यात. म्या दोन करून दिल्या. उद्या ये म्हनली."

आता विचारायचं काही उरलं नव्हतं, तरी तो उभाच होता. ठकूबाईनं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "हाय."

म्हाळूनं माझ्याकडं बघितलं. आता मी काहीतरी बोलायचं होतं. मी बोललो.

"वैनी, येका रात्रीत काय कळतंय?"

ती माझ्याकडं वळली. "भावजी, तुमच्या लेकीचं डिंभ्याचं घर ह्यांनी किती टायमात बघितलं व्हतं?"

आयुष्यात मी कुणापुढं हरलो असं मी कबूल करत नाही. पण त्या दिवशी माझ्या मुलानं हसू दाबलं ते मला दिसलं.

म्हाळूनं तिची पिशवी उचलली. "गुडघं लई धरलं का?" एवढंच तिला विचारलं, आणि दोघं घराकडं गेली. ती पुढं, पिशवी घेऊन हा मागं. चार पावलांवर तो थांबला, मला वाटलं वळून काही म्हणेल, पण त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि तिच्यामागं चालू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोपान टेम्पो घेऊन हजर. म्हातारीनं नगरहून निघतानाच त्याला सांगून ठेवलं होतं, म्हणजे म्हाळू शब्द मोडणार नाही याची तिला खात्री होती. सामान फार नव्हतं. एक लोखंडी कपाट, दोन पत्र्याच्या पेट्या, जातं. जातं कशाला, म्हणून सोपान कुरकुरला, तर ठकूबाईनं नुसतं बघितलं आणि जातं चढलं. म्हाळूनं सगळं एकट्यानं उचलून दिलं, कुणाला हात लावू दिला नाही. मग घराला वेढा न घालता कुलूप लावलं आणि चावी मला न देता माझ्या सुनेला दिली.

ठकूबाई पुढं ड्रायव्हरशेजारी बसली. म्हाळू सवयीनं टेम्पोच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिला, काठी खांद्याला लावून. तिनं काचेतून हातानं खूण केली, बाजूला व्हा. तो बाजूला झाला. टेम्पो हलला आणि तो त्याच्या मागून चालू लागला.

"आन्ना, बसा की पाठीमागं," सोपान ओरडला.

"चल तू. येतोय."

गल्ली अरुंद, टेम्पो हळू. धूर सगळा त्याच्या तोंडावर. तो अंतर राखून चालत होता, ना जवळ ना लांब. मीही गेलो डांबरीपर्यंत, दहा पावलं मागं. डांबरीवर टेम्पो थांबला. सोपाननं फाळका पाडला, हात पुढं केला. म्हाळूनं हात धरला नाही, काठी आत टाकली आणि स्वतःच चढला. पेटी आणि जात्याच्या मधे जागा बघितली, घोंगडी टाकली आणि बसला.

सोपान फाळक्याची कडी घालत असताना म्हाळूनं माझ्या वावराकडं नजर टाकली.

"तुझा वरल्या अंगाचा कांदा पिवळा पडाया लागलाय," म्हणाला. "बघत जा जरा."

आणि टेम्पो नगरच्या बाजूला वळला.